पहिलं वाक्य यजमानाचं

भोरच्या मोटारीचा ड्रायव्हर सकाळची फेरी आटोपली की पुण्यात माझ्या भोजनगृहात चहाला येतो. लढाईमुळे पेट्रोल मिळेनासं झाल्यापासून त्याची मोटार कोळशाच्या गॅसवर चालते, त्यामुळे कात्रजचा घाट उतरून आला की त्याचं तोंड भट्टीपुढच्या माणसासारखं काळं झालेलं असतं. त्या दिवशी त्यानं तोंड धुतलं, बाकावर टेकला आणि फडक्यानं मान पुसत सहज म्हणाला, "मालक, तुमच्या वळखीचं ते नाना मास्तर गेलं की. झोपंतच गेलं म्हनं." मी गल्ल्यावर बसलो होतो. "हो का," एवढंच म्हणालो आणि समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे बडीशेपेची बशी सरकवली. ड्रायव्हरनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. याहून काहीतरी जास्त येईल असं त्याला वाटलं असावं... मग तो आपला चहा पीत बसला.

वर्तमानपत्राच्या या पुरवणीत गेलेल्या माणसांविषयी लोक लिहितात ते मी नेमानं वाचतो. त्यात गेलेला माणूस चांगला असतोच, पण लिहिणाराही बहुधा चांगलाच असतो. मला तसं लिहिता येणार नाही. नाना मास्तरांनी भोरात डोंगरातल्या तरुणांना बोलायला शिकवण्याचा जो वर्ग चालवला, तो पुढे मोडकळीला आला. तो का आला हे मला ठाऊक आहे, कारण ते माझ्या एका वाक्यामुळे झालं, आणि ते वाक्य खोटं होतं. हे मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही. अबोल स्वभाव म्हणून लोक मला मान देतात. अबोलपणाचा एक फायदा असतो, आत काय ठेवलंय ते कोणी विचारत नाही.

मी मूळचा नसरापूरचा, वाण्याच्या घरातला. शाळेसाठी भोरात राहिलो आणि शाळा संपल्यावरही काही काळ तिथेच रेंगाळलो. नाना तेव्हा प्राथमिक शाळेत मास्तर होते. भात झोडून झालं की वेल्ह्याकडच्या वाड्यांवरचे तरुण पायी भोरात उतरायचे आणि तिथून पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत कामाला जायचे. त्यांतले कितीतरी नानांच्या हाताखालून गेलेले. एकदा असा एक जण वर्षभरानं परतला, नानांना भेटायला आला आणि पडवीत बसून राहिला. शाळेत असताना त्याची बडबड थांबवायला नानांना पट्टी आपटावी लागे, आणि आता त्याला शब्द फुटेना. "काय रे, पुण्यात जीभ विकून आलास की काय?" नानांनी विचारलं. तो म्हणाला, "तिथं बोलायचं कायबी नसतंय, नाना. 'काय पायजे' म्हनायचं, आन शिवी आली की खाली बघायचं." हे नानांच्या मनाला फार लागलं. रात्रंदिवस ज्याच्या हातून लोक जेवतात त्याला बोलायला काही नसावं, हे त्यांना पटेना. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी पडवी सारवून घेतली आणि कामाला जाणाऱ्या तरुणांना निरोप धाडला, की जाण्याआधी इथं येऊन बसा.

पहिला धडा नीरेच्या काठावर व्हायचा. डोंगरावरचा माणूस या टेकाडावरून त्या टेकाडाशी बोलतो, त्यामुळे त्याचा साधा आवाजही हाळीसारखा निघतो. पुण्यातले मालक या आवाजाला फार वैतागत, आणि "हळू बोल" म्हटलं की ही पोरं बोलणंच टाकून देत. नाना त्यांना "हळू" असं कधी म्हणाले नाहीत. ते एकाला पलीकडच्या काठावर उभं करत आणि दुसऱ्याला अलीकडे, आणि म्हणत, "आता त्याला जेवायला बोलवा." हाळी पार पलीकडे जायची. मग दोघांना चार पावलं पुढे घ्यायचे, पुन्हा बोलवायला लावायचे. असं करत करत ते दोघं गुडघाभर पाण्यात एकमेकांसमोर यायचे, आणि आवाज आपोआप माणसाच्या कानाएवढा झालेला असायचा. "आवाज लहान करायचा नाही," नाना काठावरून सांगत, "समोरचा किती लांब आहे ते ओळखायचं." नाना सगळ्या शिकाऊ तरुणांना "तुम्ही" म्हणत. वाडीवरून आलेला, अंगावर घोंगडी टाकलेला माणूस पहिल्यांदा ते ऐकायचा तेव्हा मागं वळून बघायचा, दुसरं कोणी आलंय का म्हणून. मी एकदा म्हणालो, यांचं "व्हय" आणि "न्हाई" आधी सुधारायला हवं, पुण्याला हसतील. नाना म्हणाले, "तू हसतोस का?" मी नाही म्हणालो. "मग पुणंही सवयीनं थांबेल. त्याचं व्हय काढून घेतलं सदाशिव, तर त्याच्यापाशी द्यायला आपलं असं काय उरतं?"

दुसरा धडा पडवीत, आणि त्यात माझं काम असायचं. नाना म्हणत, "आमच्या सदाशिवासारखा पाहुणा उभ्या संस्थानात मिळायचा नाही. चेहऱ्यावरची माशी हलत नाही." मी पाहुणा व्हायचं, येऊन बाकावर बसायचं, आणि शिकणाऱ्यानं मला वाढायचं. आमच्या भागात पाहुणा दारात आला की आधी पाय धुवायला पाणी, मग गूळपाणी, आणि तो पाणी पिऊन तोंड पुसेपर्यंत कोण, कुठले, का आलात हे विचारत नाहीत. विचारलं तर ते त्याला वाटेला लावल्यासारखं होतं. पाहुणाही आपणहून तोंड उघडत नाही, कारण त्यानं घराला कमीपणा येतो. नानांनी हाच रिवाज उचलून वर्गाचा कायदा केला. पहिलं वाक्य यजमानाचं. हॉटेल कुणाच्या का मालकीचं असेना, जो वाढतो तो त्या घटकेला यजमान, आणि आलेला माणूस कितीही तालेवार असला तरी बिचारा आपली वाट बघत बसलेला असतो, हे त्यांनी त्या तरुणांच्या डोक्यात इतकं बसवलं की ते ताठ उभे राहायला लागले. जेवण झाल्यावर पाहुण्यानं, म्हणजे मी, सगळ्यांदेखत सांगायचं की कुठं बरं वाटलं, कुठं खुपलं. माझ्या आयुष्यात मी मोकळेपणी बोललो असेन तर तेवढंच, आणि तेही कारण ते सोंग होतं.

जेवण मात्र खरं असायचं. नानांच्या पत्नी, काकू, ते रांधायच्या आणि दारामागून धडा ऐकायच्या. एकदा नाना नकार कसा द्यावा ते शिकवत होते, की नुसतं नाही म्हणून पाठ फिरवू नये, त्याच दमात काय आहे ते सांगावं. तेव्हा काकू आतून म्हणाल्या, "सगळ्या मुलखाला गोड बोलायला शिकवतात. आमटी अळणी झाली तर मला मात्र नुसतं खाकरून दाखवतात." पडवी हसली. नाना सगळ्यांत जास्त हसले आणि मग खरोखरच खाकरले.

सगळ्यांत अवघड धडा होता एकट्या जेवणाऱ्याचा. वाडीवर कोणी कोणाला एकट्यानं जेवू देत नाही. घरातलं एक माणूस, त्याचं स्वतःचं जेवण झालेलं असलं तरी, पाहुण्याजवळ येऊन बसतं. बोलायला काही नसलं तर शेळीचं बोलतं, पण बसतं. हॉटेलात एकटा माणूस खाली मान घालून जेवतोय हे बघून या तरुणांचा जीव कासावीस व्हायचा. नाना त्यांना पुन्हा पुन्हा सांगत, "बसायचं नाही. तिथं ते चालत नाही, आणि त्याची शिक्षा तुम्हाला भोगावी लागेल. त्यानं मान वर केली तर नजरेला माणूस सापडेल, एवढ्या अंतरावर उभं राहायचं. एखादा शब्द टाकायचा. उभं राहूनही सोबत करता येते." हा धडा मी स्वतः पाहुणा होऊन डझनावारी वेळा भोगला आहे. म्हणजे नानांनी काय शिकवलं होतं, हे मला जितकं ठाऊक होतं तितकं दुसऱ्या कोणालाही नव्हतं. हे लक्षात ठेवावं.

पुढे मी पुण्यात भोजनगृह काढलं आणि कामाला नानांच्या वर्गातले तरुण घेतले. त्यांत कोंडिबा होता. तोरण्याच्या मागच्या अंगाला एका धनगरवाड्यावरचा, विशीतला, रुंद खांद्यांचा. तो टेबलापाशी गेला की माणसं सैल होत. "आज भाकरी हाये, पर गरम पायजे आसंल तर वाईच दम धरा, म्या समोर हुबा ऱ्हातो," असं तो म्हणायचा आणि चिडक्यातला चिडका वकील वर्तमानपत्र खाली ठेवायचा. इतर हॉटेलवाले बघायला येत. बघून भोरला माणूस पाठवत, आम्हाला असे दोघं द्या म्हणून. नानांचा वर्ग तेव्हा असा भरात होता, की पडवीत जागा पुरेना आणि अंगणात बसावं लागे.

एका दुपारी, ऐन गर्दीत, परगावचा एक माणूस आला. इस्पितळात त्याचा मुलगा होता. ताट पुढं आल्यावर तो नुसता पोळीचा तुकडा मोडायचा आणि परत ठेवायचा. कोंडिबा ठरल्याप्रमाणे नजरेच्या अंतरावर उभा राहिला. त्यानं शब्द टाकला. त्या माणसानं मान वर केली आणि म्हणाला, "एकट्यानं घास उतरत नाही हो." ...आणि कोंडिबा त्याच्या समोरच्या बाकावर बसला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. शेळीचंच बोलला असेल. तो माणूस जेवायला लागला एवढं मी पाहिलं.

शेजारच्या टेबलावर आमचे रोजचे लोक होते. त्यांत भाऊसाहेब, कचेरीतले मोठे कारकून, ज्यांच्या ओळखीनं माझं निम्मं गिऱ्हाईक आलेलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "काय हो मालक," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता वाढपी पंगतीला बसायला लागले? धनगराचा ना हा? उद्या आम्हीच वाढायचं का त्याला?" कोंडिबा तेव्हा त्या माणसाला गरम पोळी आणायला आत गेला होता. सगळे माझ्याकडे बघत होते. सांगण्यासारखं खरं खूप होतं. तो परगावचा माणूस का आलाय ते सांगता आलं असतं. कोंडिबा चुकला, पण चांगुलपणापोटी चुकला, असं म्हणता आलं असतं. निदान गप्प तरी राहता आलं असतं, ज्यात मी तरबेज होतो. मी हसून म्हणालो, "काय करणार भाऊसाहेब, भोरच्या मास्तरांच्या वर्गातला आहे. तिथं हेच शिकवतात." सगळे हसले, भाऊसाहेबांनी घास उचलला, आणि त्या दुपारीच मी कोंडिबाला घरी धाडलं.

ते वाक्य दुकानाबाहेर पडलं आणि माझ्या आधी सगळीकडे पोचलं. भोरची पोरं गिऱ्हाइकाशेजारी बसतात, त्यांना तसं शिकवूनच पाठवतात, असं हॉटेलवाले एकमेकांना सांगू लागले. भोरला माणूस पाठवायचं त्यांनी बंद केलं. जे कामावर होते त्यांतल्या काहींना काढलं. नाना स्वतः पुण्यात दोन-तीन मालकांकडे गेले तेव्हा त्यांना तोंडावर सांगण्यात आलं, "मास्तर, तुमचाच धडा आहे म्हणे तो." आपण असं शिकवत नाही, हा त्या मुलाचा दोष, एवढं ते म्हणाले असते तर वर्ग वाचला असता. ते म्हणाले नाहीत. का म्हणाले नाहीत, हे मला फार उशिरा कळलं.

मग एक दिवस ते माझ्या दुकानात आले.

दुपार टळली होती, गर्दी ओसरलेली. नाना दारातून आत आले, कोपऱ्यातल्या बाकावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ते पाहुण्यासारखे बसले होते, आमच्या वर्गात बसतात तसे, आणि वाट बघत होते. पहिलं वाक्य माझं होतं. "या नाना" एवढं म्हटलं असतं तरी पुढचं त्यांनी सांभाळून घेतलं असतं, हे मला आतून ठाऊक होतं. मी गल्ल्याचा खण उघडला आणि त्यात काहीतरी शोधायला लागलो. वाढप्यानं त्यांना चहा नेऊन दिला. तो त्यांनी सावकाश घेतला, बशी नीट कपाखाली ठेवली. पुन्हा थोडा वेळ बसले. मी खणातच होतो. शेवटी ते उठले आणि वाढप्याला म्हणाले, "चहा चांगला होता. तुम्ही केलात का?" त्यानं मान डोलावली. टोपी घालून ते गेले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. मोटारीनं काही तासांचा रस्ता, पण मी भोरला गेलो नाही. नसरापूरला घरी जायचो तेव्हाही तिथूनच परतायचो.

ड्रायव्हरनं बातमी सांगितल्यावरही लगेच गेलो नाही. काही आठवडे काढले, आणि मग एका सकाळी त्याच्याच मोटारीत बसलो.

पडवी तशीच होती आणि आत वर्ग चालू होता. मला वाटलं होतं तो कधीच बंद पडला असेल. सात-आठ तरुण होते, आणि त्यांच्यापुढे केस पिकायला लागलेला कोंडिबा. पुण्याहून परतल्यावर तो नानांपाशीच राहिला होता. मोठी हॉटेलं नाहीत तर नाहीत, किकवीच्या रस्त्यावरच्या चहाच्या दुकानांतले, देवळाच्या धर्मशाळेतले, आंबवड्याच्या जत्रेत भट्टी लावणारे, जे येतील त्यांना दोघं मिळून शिकवत राहिले. त्यानं मला दारात पाहिलं आणि ओळखलं. "या मालक," तो म्हणाला, "लई वर्सांनी. आत या." एका तरुणानं पाय धुवायला पाणी दिलं, दुसऱ्यानं गूळ आणला. भिंतीला लागून एक बाक होतं, बसून बसून मधे खोलगट झालेलं. तिथं मला बसवलं. "पोरांनो, आज पाव्हनं आल्यात," कोंडिबा म्हणाला, "नीट वाढा."

काकू आत होत्या, थकलेल्या. त्यांनी रांधलेलंच ताट आलं. मी जेवलो. कसा जेवलो ते सांगता येत नाही. जेवण झाल्यावर सगळे माझ्याकडे बघत उभे राहिले, कारण आता पाहुण्यानं बोलायचं असतं. मी म्हणालो, वाढणं चांगलं होतं. मग म्हणालो, "कोंडिबा, तुला बसायला नानांनी शिकवलं असं पुण्यात पसरलं, ते मी पसरवलं. त्यांनी उलटच शिकवलं होतं, हे मला माहीत असताना."

कोंडिबाला हे ठाऊक नव्हतं. नानांनी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. तो दाराच्या चौकटीला टेकला आणि म्हणाला, "म्या घरी आलो तवा नानांना समदं सांगितलं. म्या बसलो म्हनून सांगितलं. त्यांनी येकच इचारलं. त्या मानसाचं जेवन झालं का? म्या म्हनलं, झालं. म्हनले, मग चूक आपली दोगांची, कुनाला सांगत फिरू नगा." त्यानं पोरांकडे पाहिलं. "आन म्या समजत हुतो, म्याच वर्ग बुडिवला."

मी हात जोडले असावेत. त्यानं ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. "ह्ये हितं सांगून काय उपेग, मालक? हितं समद्यांस्नी ठावं हाय नाना काय शिकवायचं. जितं बोल्लात तितं सांगा." मग तरुणांकडे वळून म्हणाला, "पाव्हन्यांच्या हातावर पानी घाला."

पुण्याला परत आलो. भाऊसाहेब आता निवृत्त झाले आहेत, पण दुपारचा चहा अजून माझ्याकडेच घेतात. चार दिवस मी त्यांना बघत राहिलो आणि बोललो नाही. पाचव्या दिवशी ते चहा संपवून काठी घेऊन उठले, तेव्हा मी गल्ल्यावरूनच म्हणालो, "भाऊसाहेब, भोरचे मास्तर गेले." त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, आठवून पाहिलं. माझ्या दुकानात एके दुपारी एक वाढपी बाकावर बसला होता, यातलं त्यांना काहीही आठवत नव्हतं. हसले होते तेही नाही. एका माणसाचं काम ज्या हशात बुडालं, तो ज्यांच्या तोंडातून आला त्यांनाच परका झाला होता.

"कोण मास्तर?" त्यांनी विचारलं. ते दारापाशी पोचले होते.

मी खण लावला, उठलो, आणि गल्ल्याच्या बाहेर आलो. दुकानातली दोन-चार माणसं वळून बघायला लागली, कारण मला तिथून उठलेलं सहसा कोणी पाहत नाही.

"बसा, भाऊसाहेब," मी म्हणालो. "सांगतो."